नवं फॉइल

वाऱ्याच्या जोरावर समुद्रात फळी पळवायचं वेड तिच्या नवऱ्याला, आणि आपटायचा मात्र तिचा धाकटा भाऊ. हातात हवा भरलेली, पंखासारखी विंग, पायाखाली फळी आणि फळीखाली पाण्यात बुडालेलं, वेगात फळीला वर उचलणारं धारदार पातं, म्हणजे फॉइल. यातलं काहीही बदललं की नवरा आधी मेहुण्याला पाण्यात उतरवायचा. "तू अंगानं हलका, तुझ्यावर खरा वेग कळतो," म्हणत आपलं वेग मोजणारं घड्याळ त्याच्या मनगटाला बांधायचा. भाऊही भोळा सांब. दाजी म्हणतील ती पूर्वदिशा!

त्या दिवशी नवं, निमुळतं फॉइल होतं आणि वारा पिसाटला होता. "आज राहू द्या हो," ती म्हणाली.

"तुझा भाऊ काय मेणाचा आहे?" नवरा हसला.

फळी पाण्यावर उचलली गेली, सुसाट सुटली आणि खाडकन उलटली. होडीवाल्यांनी भावाला किनाऱ्यावर आणलं तेव्हा तो पांढराफटक पडला होता, डोक्यातून रक्त वाहत होतं. नवरा धावत गेला, वाळूत गुडघे टेकले आणि त्यानं भावाचं मनगट हातात घेतलं. आजवर या माणसाला आपण उगाच बोल लावले, असं तिला वाटून गेलं.

"नाडी लागतेय का हो?" तिनं कसंबसं विचारलं.

 

मनगट वाळूत टाकून देत तो चुकचुकला, "छे! जुनंच फॉइल जास्त पळत होतं."