गुरुवारची जाळी

एव्हर्टने कपडे वाळवायच्या यंत्राची, ड्रायरची, जाळी ओढून काढली आणि नुसता बघत राहिला. तळहाताएवढा करडा गोळा, धाग्यांचा आणि केसांचा. आजही.

म्हणजे त्याच्या आधी ज्याने कपडे वाळवले, त्याने जाळी साफ न करताच काढता पाय घेतला होता. स्वीडनमधल्या वेस्तरोस शहरातल्या या चार मजली इमारतीत माणूस बायकोला सोडेल, कर बुडवेल, पण तळघरातल्या सामायिक धुणीघरातून जाळी साफ न करता वर जाणार नाही.

गोळा कचऱ्यात टाकून एव्हर्टने खिशातली वही काढली आणि भिंतीवर चिठ्ठी लावली. 'जाळी साफ करायला हात झिजतात का? - एव्हर्ट, दुसरा मजला.' ही सव्विसावी चिठ्ठी होती.

बायकोला, सिग्नेला, लांबलेल्या आजारपणानंतर जाऊन सात महिने झाले होते. अंत्यविधीला एव्हर्टच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, नंतरही नाही. तो उठायचा, कॉफी करायचा आणि ती गार होईपर्यंत खिडकीशी बसायचा. दुःख झालं असतं तर निदान काही झालं असतं. दात काढल्यावर गाल बधिर व्हावा तसं सगळं बधिर होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी धुतलेले शर्ट संपले म्हणून तो तळघरात उतरला, आणि जाळीत गोळा सापडला. त्याला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं. तणतणत तो वर गेला आणि दोन अंडी उकडून खाल्ली.

धुणीघराच्या दाराशी आठवड्याच्या वेळा लिहिलेला फळा होता. ज्याला जी वेळ हवी त्या वेळेवर त्याने आपलं छोटं कुलूप लावायचं. एव्हर्टचं कुलूप सिग्ने होती तेव्हापासून गुरुवारी नऊ ते बारा. त्याच्या आधीच्या वेळेत एकदा शिरवानचं कुलूप असे, पुढच्या गुरुवारी पेर्निलाचं, मग चौथ्या मजल्यावरच्या तूवाचं. गोळा मात्र दर गुरुवारी. इमारतीतले सगळेच्या सगळे गलिच्छ असतील हे एव्हर्टच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्याने निष्कर्ष काढला की कोणीतरी कुलूप न लावताच घुसतंय.

मुलाचा, उल्रिकचा, बुधवारी फोन आला.

"बाबा, त्या फॉर्मवर सही केलीस का? शुक्रवार शेवटचा दिवस आहे. नंतर ती खोली दुसऱ्या कोणाला देतील."

"करतो."

"एकटा काय करतोस तू तिथे?"

"चोर पकडायचाय."

"कसला चोर?"

"जाळीतला."

"बाबा, त्या वृद्धाश्रमात कपडे धुवायलाही माणसं आहेत. तुला काहीही करावं लागणार नाही."

एव्हर्टला ते पटलं. एका खिडकीशी बसायचं ते दुसऱ्या खिडकीशी. त्याने फॉर्म पूर्ण भरला, सहीची जागा तेवढी रिकामी ठेवली. चोर सापडला की सही.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा शिरवान भेटला.

"काय एव्हर्ट, सापडला का तुझा गुन्हेगार? माझ्यावर डोळा नाही ना? मी जाळी चाटूनपुसून ठेवतो हं."

"तुझ्यावर असता तर चिठ्ठीत तुझं नाव घातलं असतं."

शिरवान हसला. "आणि सापडला की काय करणार? फाशी देणार?"

"काही नाही. सही करणार आणि घर सोडून जाणार."

शिरवानचं हसू विरलं. "असं," एवढंच म्हणून तो घाईघाईने वर गेला.

गुरुवारी सकाळी आठ वाजता एव्हर्ट वाळवणीच्या खोलीत शिरला आणि टांगलेल्या चादरींमागे उभा राहिला. पाय दुखायला लागले, पण तो हलला नाही.

ती वेळ पेर्निलाची होती. पहिल्या मजल्यावरची, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेली. तिने ड्रायरमधले कपडे काढले, घड्या केल्या. जाळी काढली, मऊ ब्रशने झाडली, उजेडात धरून निरखली. लख्ख. एव्हर्टने मनातल्या मनात तिचं नाव खोडलं.

मग पेर्निलाने दाराकडे पाहिलं. एप्रनच्या खिशातून पावाची पिशवी काढली, त्यातून धाग्यांचा गोळा घेतला आणि बोटांनी जाळीवर नीट पसरला.

एव्हर्ट चादर बाजूला सारून बाहेर आला. पेर्निला ओरडली नाही. हातातली पिशवी तिने हळूच खाली ठेवली.

"तू?"

"आज माझा नंबर होता."

"कसला नंबर?"

"मागच्या आठवड्यात शिरवानचा होता. पुढच्या आठवड्यात तूवाचा."

"म्हणजे सगळे?"

"सगळे."

एव्हर्टने जाळीवरचा गोळा ओरबाडून काढला. "सात महिने माझी चेष्टा चालवलीत. मी चिठ्ठ्या लिहायच्या आणि तुम्ही वर बसून हसायचं."

"तसं नाही, एव्हर्ट."

"बास. आत्ता जाऊन सही करतो. राहा तुम्ही इथे सुखाने."

तो दाराशी पोचला तेव्हा पेर्निला त्याच्या वाटेत येऊन उभी राहिली. तिच्या हातात चार घड्यांचा, कडा मळलेला कागद होता.

"खुशाल जा. पण आधी हे वाच. तुला दाखवायचा नाही असं वचन दिलं होतं आम्ही."

एव्हर्टने कागद उघडला. बावन्न गुरुवार ओळीने लिहिलेले होते आणि प्रत्येकापुढे इमारतीतल्या एकाचं नाव. वर चार ओळी होत्या. 'मूठभरच टाका, जास्त टाकलंत तर त्याला संशय येईल. भिंतीवर चिठ्ठी दिसली की समजा, उठलाय आणि काहीतरी खाल्लंय. दिसली नाही तर जाऊन दार वाजवा. वर्षभर एवढं कराच.'

अक्षर सिग्नेचं होतं.