डेअरीचं नाक

"टाक," म्हातारा म्हणाला.

सुनेच्या हातात कालच्या डाळीचं भांडं. म्हाताऱ्यानं झाकण उचलून नाक आत घातलं, लांब श्वास ओढला अन् मान हलवली. झाला निकाल.

त्या घरात उरल्यासुरल्या अन्नाचा निकाल तोच द्यायचा. उभी हयात डेअरीच्या फलाटावर गेलेली. दुधाचा कॅन आला की झाकण उघडायचं, हुंगायचं, पास नाहीतर नापास. मशिनं नंतर आली. मशीन चुकायचं, म्हातारा नाही. मुलगा अजून सांगतो, बाबांना दुधाच्या वासावरनं म्हशीचा मूड कळायचा.

पण हल्ली सगळंच नापास.

का ते सुनेला ठाऊक होतं. सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून परतल्या होत्या. कोंबडीचं कालवण रात्रभर ओट्यावर राहिलं, ती चूक सुनेचीच. सकाळी म्हाताऱ्यानं हुंगून चालेल म्हटलं, तिनं गरम करून वाढलं. बाकीच्यांचं उलट्यांवर भागलं, सासूबाई मरता मरता वाचल्या. पुन्हा असं झालं तर या शरीराला झेपणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं. कालवण पास कुणी केलं ते कुणाला आठवेना. रांधलं कुणी, ते सगळ्यांना आठवत होतं.

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून जपायची. उरलेला भात ताटात पसरून निववायचा, वाफ गेली की लगेच फ्रीजात. कच्चं मटण खालच्या कप्प्यात, झाकून. शिळं वाढायचं तर चांगलं वाफाळेपर्यंत गरम. तरी म्हातारा आपला, टाक.

जेवतानाही गप्प. पूर्वी मीठ कमी पडलं तरी ताट सरकवायचा. आता पुढ्यात येईल ते मुकाट गिळायचा. तिला वाटलं, मनात राग धरलाय. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, बाबांच्या नाकापुढे मी काय बोलू.

दुसऱ्या दिवशी तिनं डाव टाकला. ताजी डाळ उतरवली, निवू दिली, कालच्याच भांड्यात ओतली अन् म्हाताऱ्यापुढे धरली.

त्यानं हुंगलं. बराच वेळ. मग तिच्या तोंडाकडे बघितलं.

"टाक."

"बाबा, ही आत्ताची आहे."

म्हाताऱ्यानं भांडं हातानं मागे सारलं.

"माझ्या हातचं नको असेल तर तसं सांगा. मी जाते माहेरी."

"तरी टाक, पोरी," तो खाली बघत म्हणाला.

तिनं भांडं त्याच्या मांडीवर आदळलं. सासूबाईंचं दूध मंद गॅसवर होतं. निदान दुधाकडे तरी बघा, ते तुमच्याच खात्यातलं, असं सुनावून ती आतल्या खोलीत बॅग भरायला गेली.

साड्या कोंबता कोंबता रडून रडून तिचं नाक चोंदलं. किती वेळ गेला कळलं नाही. एवढ्यात शेजारीण खिडकीतून हाका मारायला लागली, अगं काय जाळतेस, आमच्या घरात उभं राहवेना.

ती धावली. दूध आटून गेलेलं, पातेल्याचा तळ कोळशासारखा काळा. शेगडीपासून हातभर अंतरावर, तिकडे पाठ करून म्हातारा बसला होता. मांडीवरच्या भांड्यावर वाकून, डोळे मिटून, नाक पार डाळीला टेकवून, तो पुन्हा पुन्हा हुंगत होता.