निलोफरची संमती

“तुम्ही स्वतः संमती लिहून दिलीय, मॅडम. आता मागं कसं फिरता येईल?” शिक्षण कार्यालयातले साहेब फायलीतून मान वर न काढता म्हणाले.

“मी असं काहीच लिहिलं नाही, सर.”

“मग काय भुतानं लिहिलं? अर्ज भरून, सही होऊन आला. मी तो मुंबईला पाठवला. तिकडून तुमचं नाव नक्की झालं. माझ्या हातात आता काही नाही. नाही गेलात तर नोकरीवर येईल.”

निलोफर शहरातल्या उर्दू शाळेत इंग्रजी शिकवायची आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणंही घ्यायची. आता तिला अरबी समुद्रातल्या एका लांबच्या बेटावर पाठवत होते, तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकांना शिकवायला. कोचीहून जहाज, पंचवीस दिवसांचा मुक्काम. दुसरं कुणी असतं तर पेढे वाटत फिरलं असतं.

पण घरी अम्मी होती. तिच्या पोटातली गाठ वाईट निघाली होती. डॉक्टरांनी निलोफरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दोन महिने, फार तर. अम्मीला तिनं सांगितलं, अल्सर आहे. इंग्रजीतला तो लांबलचक रिपोर्ट तिनं कपाटात दुपट्ट्यांखाली सारला होता.

बाहेर व्हरांड्यात अतुल साळवे भेटला. तोही प्रशिक्षक, तिच्याच केंद्रातला. निलोफर महिनाभर गेली की तिची खुर्ची त्याचीच होती. बेटाचा कोरा अर्ज घरी आणून देणाराही तोच. तिनं तो औषधांच्या ट्रेखाली टाकून दिला होता, आणि नंतर तो तिथं दिसला नव्हता. अतुल मात्र दर रविवारी अम्मीला बघायला यायचा.

“अतुल सर, माझा अर्ज तुम्ही दिलात ना इथं?”

“पाकीट मी आणून दिलं, व्हय. पण मॅडम, त्यात काय व्हतं ते मला—”

“बस. आजारी माणसाच्या घरी येऊन हे धंदे करता?”

“अवो, ऐकून तर घ्या! लई गैरसमज व्हतोय तुमचा.”

तिनं ऐकून घेतलं नाही. दहा वर्षांची मैत्री तिनं त्या व्हरांड्यातच सोडली आणि रोशनगेटची रिक्षा धरली.

घरी अम्मी पलंगावर वही घेऊन बसली होती. बीपीच्या गोळ्यांची नावं वाचता यावीत म्हणून ती दोन वर्षांपासून लेकीकडून इंग्रजी शिकत होती. पहिल्यांदा लिहायला शिकली तो शब्द निलोफर. निलोफरच्या मते अजून तिची मजल गोळ्यांच्या पाकिटापर्यंतच होती, पण हौस दांडगी.

निलोफरनं वहीत नुसतं डोकावलं आणि सवयीनं म्हणाली, “अम्मी, कित्ती बार बोलूं? एस के पहले आय नक्को.”

“तेरा स्कूल होगा बेटा. मेरा तो इस्कूलच रहता.”

ही चूक काही अम्मीची एकटीची नव्हती. अख्ख्या वस्तीत स्टेशनचं इस्टेशन होई, आणि पोरं लिहीतही तसंच. निलोफरची शिक्षकांपुढची पहिली तासिका नेहमी याच चुकीवर असायची. आज तिला हसू आलं नाही.

“मैं नहीं जाती, अम्मी. नौकरी गई तो जाने दे.”

“काइकू? अल्सर के वास्ते कोई नौकरी कू लात मारता क्या?” अम्मीनं वही मिटली. “मेरेकू दुसरा कुछ तो नहीं हुआ ना?”

निलोफर ट्रेमधल्या गोळ्या मोजू लागली. थांबायचं तर खरं सांगावं लागणार, आणि खरं सांगायचं तर अम्मी त्याच दिवशी खचणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं.

“कुछ नहीं हुआ,” ती म्हणाली.

“फिर जा.”

निघायच्या दिवशी पिशोर गावाहून अम्मीची बहीण, सगीरा खाला, सोबतीला आली. अम्मीनं निलोफरच्या दंडाला इमाम जामीन बांधला. हिरव्या कपड्यात नाणं, प्रवासातल्या रक्षणासाठी.

“पहुंची की खोल के किसी गरीब कू दे. आठवीं में तेरी सहल अलिबाग कू गई थी, याद है? मैं नहीं भेजी थी तेरेकू. तीन दिन रोई तू.”

“वो अब काइकू निकाली?”

“ऐसाच.”

रिक्षा वळेपर्यंत अम्मी दाराची चौकट धरून उभी होती. ती रडली नाही. तिला काही कळलेलं नाही, या विचारानं निलोफरला तेवढंच बरं वाटलं.

बेटावर पोचल्याच्या सहाव्या दिवशी सगीरा खालाचा तुटक तुटक फोन आला. “अम्मी कू दवाखाने में... होश नहीं... जल्दी आ जा.” मग नेटवर्क गेलं ते गेलंच.

निलोफर धावत प्रशिक्षण बघणाऱ्या बासित सरांकडे गेली. ते भले माणूस, पण तेही काय करणार? समुद्र खवळला होता. पुढचं जहाज नऊ दिवसांनी.

“होडी असेल, काहीही असेल! माझी आई मरतेय, सर. निघाले तेव्हाच ती आजारी होती.”

बासित सर गोंधळले. “पण तुम्ही तर वेगळंच लिहिलंय,” म्हणत त्यांनी फायलीतून तिचा अर्ज काढून पुढे केला.

निलोफरनं तो जवळजवळ हिसकावलाच. अतुलचं अक्षर ती झोपेतही ओळखणार होती. आता पुरावा हातात आला होता, आता त्याला सोडायचं नाही.

अर्ज मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत भरलेला होता. घरची अडचण: काही नाही, आई ठणठणीत आहे. जाण्याचं कारण: मला लहानपणापासून समुद्र बघायचा आहे. खाली सहीच्या जागी तशाच सुट्या अक्षरांत निलोफर.

आणि सगळ्यात वर, शाळेच्या नावात, स्कूलच्या एसआधी, एक ठसठशीत आय.