गुरुवारची पोटदुखी

“‘आमच्या घरात दुःखाला कधी तोटा पडला नाही,’” हिंदुरावांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढला. “कुणाच्या घरात गं?”

योगिनीने घड्याळाकडे पाहिलं. विद्यापीठाचा अर्ज संध्याकाळी सहाला बंद होणार होता. संख्याशास्त्राची जागा आणि शिष्यवृत्ती, दोन्ही एका निबंधावर ठरणार होत्या: ‘गुणपत्रिकेतून कळत नाही असं स्वतःबद्दल काही लिहा.’ मराठीत चालेल असं म्हटलं होतं, एवढाच दिलासा. वाकडला प्रवेशाचे क्लास घेणाऱ्या मोनिकादीदीने बजावलं होतं, “संघर्ष लिही. नाहीतर कुणी वाचत नाही.” योगिनी आठ दिवस संघर्ष लिहीत होती.

चाकणच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, म्हणून हिंदुराव घरी होते. कंपनीत ते तपासणीला होते. आलेला प्रत्येक भाग मोजायचा. मापात बसला नाही तर परत. त्यांनी निबंधाचा कागद पुढे ओढला आणि पेन्सिल घेतली.

“‘कित्येक रात्री उपाशी झोपलो.’ कधी? चतुर्थी सोडून सांग.”

“बाबा, सगळे असंच लिहितात.”

“सगळ्यांचं परत पाठवलं असतं मी.” त्यांनी फुली मारली. अशा अकरा फुल्या झाल्या. मग पेन्सिल थांबली. “‘वडिलांना माझ्यासाठी कधी वेळच मिळाला नाही.’ हेपण मोनिकानं सांगितलं?”

“तुमची सुट्टी गुरुवारी, माझी रविवारी. एवढं तरी खरं आहे ना?”

“मग पहिलीत दर गुरुवारी तुझं पोट कशानं दुखायचं?”

योगिनीला ते गुरुवार आठवले. ती हसत सुटली. हसता हसताच तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.

आई अंगणवाडीत गेली की बाबा शाळेसाठी चिठ्ठी लिहायचे: ‘पोटात दुखत असल्याने.’ मग दोघं स्कूटरवरून चाकणजवळच्या निघोज्याला. तिथे रस्त्याकडेला बसून कारखान्यातून ट्रेलरवर निघालेल्या नव्या गाड्या मोजायच्या. पांढऱ्या एकतीस, करड्या बारा, लाल चार. वहीच्या मागच्या पानावर तिने रेघा मारल्या. तो तिचा पहिला तक्ता. चौथ्या गुरुवारी बाबांनी विचारलं, पुढच्या ट्रेलरवर जास्त कुठल्या असतील? तिने आधीच्या पानांकडे बघून सांगितलं, आणि बरोबर निघालं. जे अजून आलेलं नाही ते मोजून सांगता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं. संख्याशास्त्र तिला त्यासाठीच शिकायचं होतं.

एका बैठकीत निबंध झाला. हिंदुरावांनी ओळीओळीवर बरोबरची खूण केली. शेवटच्या ओळीपाशी ते घुटमळले. ‘हे सगळं आईला आजवर कळलेलं नाही.’

“ही राहू दे?” त्यांनी विचारलं.

“खरी आहे ना?”

“आहे खरी.” त्यांनी तिच्यावरही खूण केली.

योगिनीने मजकूर लॅपटॉपवर उतरवला तेव्हा साडेपाच झाले होते. तेवढ्यात साधनाबाई अंगणवाडीतून आल्या आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून पडद्यासमोर बसल्या. “बघू, काय लिहिलंस?”

“मी चहा टाकतो,” म्हणत हिंदुराव स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवल्याचा आवाज काही आला नाही.

साधनाबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. दोनदा ओठ दाबून हसू आवरलं.

“चांगलं झालंय. शेवटची ओळ तेवढी काढ.”

“आई, तुला वाईट वाटलं असेल. पण खरं तेच लिहायचं होतं.”

“म्हणूनच म्हणते, काढ. पहिल्याच गुरुवारी तुझ्या बाईंचा फोन आला होता. पोट फार दुखतंय, असं मीच सांगितलं त्यांना.”