आवाज न फुटणारी खोली

दाराच्या काचेपलीकडे छडी खाली आली आणि मुलीचं तोंड उघडलं. आवाज मात्र आला नाही. संगीतशाळेच्या नव्या खोल्याच तशा होत्या. आत ढोल बडवा, बाहेर चिटपाखरालाही कळायचं नाही. शाळा काढणाऱ्या बाईंना त्या खोल्यांचं कोण कौतुक!

छडी पुन्हा आली. या वेळी बोटांवर.

काचेबाहेर उभ्या बाई थिजल्या. एका मोठ्या संगीतसंस्थेत शिकत असताना त्यांचं एक बोट गुरुजींनी असंच मोडलं होतं. ते अजून वाकडं आहे. त्याच दिवशी त्या संस्थेतून बाहेर पडल्या आणि एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत दोन पोरं शिकवायला घेऊन बसल्या. इथे कुणावर हात उगारायचा नाही, हा पहिला नियम. संस्थेतले लोक हसले. वर्षात गाशा गुंडाळेल, म्हणाले. पण बाईंनी आधी खोली भरली, मग अख्खं दुकान, मग ही इमारत. पोरं स्पर्धा मारत सुटली. सगळ्यात जास्त बक्षिसं व्हायोलिनच्या सरांच्या वर्गाची. सर म्हणजे त्या दोन पोरांतलाच एक, बाईंना पोटच्या मुलासारखा.

त्यांनी दार ढकललं. किंकाळी अंगावर आली. दार मागे आपोआप मिटलं.

"छडी टाक!"

सर दचकले, पण छडी सोडली नाही. "बाई, तुम्ही यात पडू नका. स्पर्धा तोंडावर आलीय." मग हसले. "ही शाळा कशावर वाढली असं वाटतं तुम्हाला? तुमच्या गोड बोलण्यावर?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी छडी हिसकावली आणि सरांच्या तोंडावर ओढली. ओठ फाटला. सर कोसळले. पाठ, खांदे, डोकं झाकणारे हात, मिळेल तिथे बाई मारत राहिल्या. आयुष्यभराचं उट्टं निघत होतं आणि खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं. "बाई, पुरे!" म्हणत सरांनी हात जोडले. बाई थांबल्या त्या दम लागला म्हणून.

कोपऱ्यात ती मुलगी सुजलेला हात काखेत दाबून उभी होती. बाईंचा जीव तुटला. तिला पोटाशी धरायला त्या वळल्या, धापा टाकत, छडी तशीच हातात.

मुलीनं डोळे गच्च मिटले आणि दुसरा हात पुढे केला.