न काढलेली चौकट

व्यंगचित्रकाराच्या चित्रमालिकेतला धांदरट महानायक दर आठवड्याला गच्चीवरून उडी मारायचा, तोंडावर आपटायचा आणि "आपल्याला काही हे जमत नाही बुवा," म्हणत कपडे झटकून उठायचा. वाचक पोट धरून हसायचे.

आज व्यंगचित्रकाराची सहा वर्षांची लेक गळ्याभोवती टॉवेल बांधून गच्चीच्या कठड्यावर उभी होती. खाली चार मजले.

तो दारातच थिजला. धावला असता तर ती दचकली असती.

"बाबा, पडलं तरी काही होत नाही ना?"

तो सावकाश तिच्याकडे चालू लागला. "होतं, बाळा. दर वेळी हाडं मोडतात त्याची. मी ते काढत नाही."

ती कठड्यावरच हळूच वळली. "मग त्याला घरी कोण आणतं?"

"मी," म्हणत त्याने तिला उचलून घेतलं.