लिनक्सवर चालेल असा बर्नर

“हा तापतो,” खोकं काउंटरवर ठेवत मुद्रितशोधक म्हणाले.

“बर्नरच तो. तापायचाच.” दुकानवाल्या बाईंनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता वही उघडली. “लिनक्सवाले, गुरुवार सहावा. तक्रार, तापतो. असंच लिहू?”

“‘प्रमाणाबाहेर तापतो’ लिहा. आणि दहा मिनिटांनी लिनक्स त्याला ओळखच दाखवत नाही.”

“कामापुरती ओळख. माझा भाऊ अगदी तसाच आहे.” बाईंनी लिहून घेतलं. “बसा. चहा टाकते.”

मुद्रितशोधक त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर बसले. नेहमीचं म्हणजे पाच आठवड्यांपासूनचं.

त्याआधी त्यांनी हे दुकान पाहिलंसुद्धा नव्हतं. थोरल्या बंधूंना लहानपणीच्या घरगुती चित्रफिती हव्या होत्या, आणि त्याही डीव्हीडीवरच. पेनड्राइव्ह बंधूंना मंजूर नव्हता. एवढ्याशा वस्तूत अख्खं बालपण मावेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. इकडे मुद्रितशोधकांच्या कॉम्प्युटरवर भाचीने विंडोज काढून लिनक्स टाकून दिलेलं. “मामा, आता व्हायरस येणार नाही, आणि तुमचा कॉम्प्युटर कुणी मागायलाही येणार नाही,” असं ती म्हणाली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या. विशेषतः कुणी न येण्याची.

तेव्हा लिनक्सवर चालेल असा बर्नर शोधत ते इथे पोचले. “बर्नर आहे का?” या प्रश्नावर बाईंनी विचारलं होतं, “शेगडीचा की डीव्हीडीचा?” दुकान पूर्वी त्यांच्या वडिलांचं, शेगड्या दुरुस्तीचं. पाटीवर कॉम्प्युटरचा रंग चढला होता, पण खालची शेगडी अजून डोकावत होती.

बाई माल काढेपर्यंत मुद्रितशोधकांनी सवयीने दुकानातलं सगळं छापील आणि हाती लिहिलेलं वाचून काढलं, आणि दारावरच्या ‘गुरूवारी दुकान दिवसभर चालू’पाशी अडकले.

“तुमचा ‘रू’ चुकलाय.”

“काय झालं त्याला?”

“‘गुरू’ एकटा असला की दीर्घ. जोडीला कुणी आलं की ऱ्हस्व. गुरुवार.”

“बघा, जोडीला कुणी आलं की आखडावंच लागतं,” बाई म्हणाल्या. “राहू द्या. माझा एकटाच बरा आहे.”

पाटी तशीच राहिली. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून निवृत्त झालेल्या माणसाला दाखवलेली चूक दुरुस्त करायला पहिल्यांदाच कुणी नकार दिला होता. त्या दिवशी ते दुकानात दीड तास बसले.

पंचाईत अशी झाली, की तो पहिला बर्नर झकास चालला. लिनक्सने त्याला जावयासारखं उठून घरात घेतलं. पंधरा मिनिटांत डीव्हीडी तयार, तिसऱ्या दिवशी ती बंधूंकडे पोच. आता दुकानात कुठल्या तोंडाने जायचं? चालणारी वस्तू दाखवायला कुणी परत जातं का?

पुढच्या गुरुवारी त्यांनी बर्नर काउंटरवर ठेवला. “लिनक्सवर चालत नाही.”

बाई तो घेऊन मागच्या खोलीत गेल्या. पाच मिनिटांनी आल्या. “तुम्ही म्हणता म्हणजे नसेल चालत,” एवढंच म्हणाल्या, आणि स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावलेलं दुसरं खोकं त्यांनी पुढे केलं.

दुसऱ्यापासून मुद्रितशोधकांनी खोकं उघडलंच नाही. परत करायच्या मालाला उगाच हात लावू नये, एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या रडगाण्यांना तोटा नव्हता. दर बुधवारी ते त्यातली एक तक्रार निवडत, तिचं मराठी करत, शुद्धलेखन तपासत आणि गुरुवारी सादर करत. ट्रे अडकतो. आवाज करतो. निम्म्यात विझतो. बाई निमूट लिहून घेत.

आज मात्र चहा पिऊन झाल्यावर, परत आलेलं खोकं घेऊन त्या आत गेल्या आणि नवीन घेऊन आल्या त्या जरा गंभीर होऊनच.

“लिनक्सवाले, खोकी संपली. हे शेवटचं.”

“आणि हाही नाही चालला तर?”

“मग तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही.”

मुद्रितशोधक घरी निघाले. पुढे काय? प्रिंटर? पण दर गुरुवारी प्रिंटर उचलून आणणं कमरेला झेपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंधूंचा फोन आला.

“अरे, ती डीव्हीडी कामातून गेली! तुझ्या वहिनीने तिच्यावर गरम पातेलं ठेवलं. दुसरी पाठव.”

“दादा, जरा अवघड आहे...”

“त्यात काय अवघड? बर्नर आहे ना घरात?”

“आहे.”

“चालतो ना?”

मुद्रितशोधकांनी टेबलावरच्या खोक्याकडे पाहिलं. “चालतो,” ते म्हणाले. पाच आठवड्यांत बर्नरबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलले होते, आणि बरं वाटलं.

झालं तेवढं पुरे. डीव्हीडी करायची आणि येत्या गुरुवारी सरळ सांगून टाकायचं : बाई, तुमचा एकही बर्नर बिघडलेला नव्हता. मग त्यांनी हाकललं तर हाकललं. वाक्य त्यांनी दोनदा तपासलं. त्यात काढण्यासारखी चूक नव्हती.

त्यांनी चिकटपट्टी सोलली.

आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, घासूनपुसून लख्ख केलेला पितळी बर्नर होता. शेगडीचा.

त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. तिच्यावर मागच्या चार गुरुवारांच्या तारखा एकाखाली एक लिहून खोडलेल्या होत्या. पाचवी, कालची, खोडायची बाकी होती. म्हणजे पाचही गुरुवारी हेच खोकं हाती पडलं होतं. त्याखाली बाईंचं अक्षर :

“हाही लिनक्सवर चालत नसेलच. गुरुवारी या.”

‘रु’ ऱ्हस्व होता.